कुंडीची अंघोळ

दुप्पट खत घातलं की मनीप्लँट दुप्पट वाढेल, असा माझा हिशोब होता. आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर मिठासारखा पांढरा थर आला. बायकोने कुंडी माझ्या हातात देऊन मला वरच्या मजल्यावर पिटाळलं.

आमच्या बरकतपुऱ्याच्या इमारतीत झाडांचे डॉक्टर म्हणजे वरचे शेजारी. माणसांशी तुटक बोलतात, झाडांशी मात्र लाडात. "हौ, खत जास्त झालं बाळाला," म्हणत त्यांनी कुंडी बाथरूमच्या जाळीवर ठेवली आणि मगाने हळूहळू पाणी ओतायला लागले. खालून चहासारखं पाणी गळलं. ते पुरतं निथळलं की पुन्हा एक मग पाणी.

तेवढ्यात त्यांचे म्हातारे वडील भिंत धरत दाराशी आले. घरात संडास-बाथरूम एकच. "बाबू, जरा बाहेर ये रे. थांबवत नाही."

"थांबा म्हटलं ना, नाना!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग कुंडीवर वाकून म्हणाले, "घाई नक्को राजा, होऊ दे सावकाश."

"राहू द्या, मी नेतो कुंडी," मी म्हणालो. त्यांनी माझा हात बाजूला केला. "अर्ध्यावर सोडलं तर मुळं जळतात, साहेब."

कुंडीतून स्वच्छ पाणी यायला लागलं, तोवर नानांचं धोतर ओलं झालं होतं. माझ्याकडे बघून ते ओशाळं हसले. मुलगा म्हणाला, "एवढीशी कळ काढवत नाही?"

खाली येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने कुंडी खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी झाड मरू द्या."