बिबड्यांची सकाळ

शिजत्या ज्वारीच्या पिठातून उन्हाळी पहाटे जी वाफ उठते, तिच्यात लसूण, तीळ आणि काडीकचऱ्याच्या धुराचा असा काही मेळ असतो की सोनगीरच्या माहेरी त्या दिवशी गंधानेच मला जाग आली. शेजारच्या बाया अंगणात जमू लागल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी जळगावहून निघताना मी एक निर्णय घेऊन आले होते. पाच महिन्यांत सात किलो उतरले आणि मग काटा जो थबकला तो दोन महिने ढिम्म हलला नाही. पहाटेचा पिंप्राळ्यापर्यंतचा तोच पायी फेरा, ताटात तीच एक भाकरी, आकडा मात्र एकोणऐंशीच. गुडघ्याची शस्त्रक्रिया टाळायची तर अजून पाच किलो उतरायला हवेत, असं डॉक्टरांनी स्वच्छ बजावलेलं. मी घराण्यातली पहिली पदवीधर, त्यातून गणिताची शिक्षिका. कष्ट केले की उत्तर जुळलंच पाहिजे, ही माझी जुनी खोड. ते जुळेना, तेव्हा मनाशी म्हटलं, झालं तेवढं पुरे, आता चालणं बंद.

आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे हे उन्हाळी पापड, एकट्या घराचे नसतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशी सगळी गल्ली फिरते; ओल्या कापडाभोवती बसून, पाण्याचा हात लावत, गरम पीठ तळव्याने गोल पसरायचं. गेली दोन वर्षं मला कडेला खुर्ची मिळे आणि कावळे हाकलायचं काम. यंदा मी नकळत पदर खोचून सरळ जमिनीवर बसले. अर्धं कापड भरल्यावर शेजारच्या शेवंताअक्कांनी मान वर केली.

"औंदा खुर्ची नही का व, मास्तरीनबाई?"

बाया खळखळून हसल्या. मी मांडीकडे पाहिलं. मांडी चक्क घातलेली होती.

"गुडघा बरा शे आते, अक्का."

"मंग हात चालाड भराभर!"

कॉलेजात लाजेपोटी पुसून टाकलेली ती बोली किती सहज ओठांवर आली! ऊन चढत गेलं, कापडं भरत गेली. वाटीतल्या गरम पिठावर आईने कच्च्या तेलाची धार सोडली, ते मी हिशेब न करता, डोळे मिटून खाल्लं. काट्याला न दिसलेलं कितीतरी या देहाने मुकाट्याने करून ठेवलं होतं, आणि मी दोन महिने त्याच्यावर रुसून होते.

शेवटचं कापड भरलं. मी कुणाचा आधार न घेता उठले. समोर आई अजून बसलेलीच होती.

"हात दे माले," ती म्हणाली.

तिने कधी कुणाकडे हात मागितलेला मला आठवत नाही. मी पाय रोवून, बळ एकवटून ओढायला गेले आणि ती अलगद वर आली. इतकी हलकी, की मीच मागे झुकले. काही न घडल्यासारखा पदर सावरून तिने कापडाचं एक टोक उचललं. दुसरं मी धरलं. ओल्या बिबड्यांचा भार दोघींत सारखा तोलत, तिच्या संथ पावलांशी पावलं जुळवत, मी उन्हातल्या खाटेकडे चालू लागले. अजून बरंच चालायचं होतं.