अक्कांचा हलका हात

आमच्या टायपिंगच्या अक्कांच्या बोटांना कार्बनचे वळण होते. जळगावात त्यांनी तीस वर्षे टंकलेखनाचा वर्ग चालवला. कागदाखाली चार कार्बन घातले, तरी शेवटच्या प्रतीवर अक्षर ठसठशीत उमटलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे शाळेत शिक्षक झालो. त्या दंडकाचा भार अखेर अक्कांच्याच मनगटांवर आला.

वर्ग बंद झाल्यावर त्यांनी हौसेने डिजिटल पियानो घेतला. पेटी का नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पेटीत एक हात भात्यालाच लागतो. माझे दोन्ही दुखतात; दोघांना सारखे काम हवे."

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्या आवाज अगदी कमी ठेवत. मग नीट ऐकू येईना, म्हणून पट्ट्यांवर जुना टायपिंगचा जोर लागे. सूर घरातच राहत, धपधप मात्र खाली पोचे. एकदा खालच्या वहिनींनी जिन्यातच विचारले, "अक्का, रोज दुपारी चटणी कुटता की काय?"

मनगटे सुजली. डॉक्टरांनी बजावले, की असेच चालले तर वाजवणे कायमचे सोडावे लागेल. अक्कांनी वही काढली. आवाज किती ठेवला, किती वेळ वाजवले, कोणते बोट दुखले, हे सारे आठवडाभर लिहिले आणि वहिनींची परवानगी घेऊन आवाज वाढवला. हात आपोआप हलका झाला. "आवाज यंत्राने करायचा असतो रे. आपण त्याला नुसते सांगायचे," हे त्यांनी मलाही समजावले.

पेपर तपासून माझेही मनगट दुखू लागले होते, म्हणून रविवारी सकाळी हात हलका ठेवायला शिकण्यासाठी मी त्यांच्याकडे जाई. त्या म्हणत, "दुखल्यावर थांबलास तर उशीर झाला. बरे वाटत असतानाच हात उचल."

त्यांना एकच गोष्ट पूर्ण वाजवायची होती: आईची जात्यावरची ओवी, सातही कडवी, थोरल्या बहिणीसमोर. या जिजी धुळ्याजवळच्या खेड्यात राहत. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्या आठ दिवस जळगावला आल्या. पियानोला पेटी समजून, त्याभोवती हात फिरवत त्यांनी आपल्या अहिराणीत विचारले, "हिना भाता कोठे शे व?"

अक्का हसल्या आणि वाजवू लागल्या. चौथ्या कडव्यात डाव्या मनगटात कळ आली; ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. त्या तशाच रेटतील असे क्षणभर वाटले. पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"जिजी, एवढंच जमतंय गं मला."

"मंग थांब ना माय. पुढलं मी म्हणस. माले बठ्ठं याद शे."

जिजींना सारी पाठ होती; त्यांनी बारीक, कापऱ्या आवाजात ओवी उचलली. अक्का प्रत्येक ओळीच्या शेवटी उजव्या हाताच्या एका बोटाने एकच पट्टी दाबत राहिल्या. सातवे कडवे संपले, तेव्हा दोघी बहिणी लहान मुलींसारख्या खुदखुदत होत्या.

पुढे अक्का लेकीकडे राहायला गेल्या. मी हल्ली शुद्धलेखन घालताना पान भरायच्या आतच मुलांना पेन्सिली खाली ठेवायला सांगतो. मुलांना वाटते, सर दमले.