दह्यावरची साय

चहा आधीच संपवा. हे ऐकल्यावर तुम्ही मला घरात ठेवाल की नाही, शंका आहे. मूर्ख माणसं मी पुष्कळ पाहिलीत, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची कमिटी त्यांचीच आहे. पण ह्या प्रकरणात पहिला नंबर माझा.

आमच्या गेटसमोर तिठा आहे. तिथे दर शनिवारी संध्याकाळी कुणीतरी उतारा ठेवायचं. दहीभात, वर गुलाल, कडेला लिंबू. रविवारी कुत्री ते पायरीपर्यंत पसरवायची आणि अख्खी बिल्डिंग उड्या मारत दुधाला जायची.

अध्यक्ष परांजपेकाका बँकेतून रिटायर झालेले. मला जिन्यात गाठून रोज ऐकवणार, "इंजिनिअरिंग सोडलंस, बुद्धी गहाण टाकलीस." आणि हाच बुद्धिवादी दहीभात दिसला की भिंतीला पोट घासत चालणार.

म्हटलं, ह्या म्हाताऱ्यांना एकदा दाखवतोच. परवाच्या रविवारी कुत्र्यांच्या आधी खाली गेलो, पुराव्यावर घरची बादली उपडी घातली, पाच फोटो काढले आणि थेट पोलीस चौकी. दीड पान अर्ज लिहिला. अज्ञात समाजकंटक, करणी, रहिवाशांत दहशत, जादूटोणाविरोधी कायदा. खाली नाव, सही.

हवालदार मॅडम स्वतः आल्या. अर्धी सोसायटी जमली, परांजपेकाका सगळ्यात मागे.

आता मॅडमचं काय सांगू. बादली उचलून त्या उकिडव्या बसल्या आणि दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

"बाहुली नाही, टाचण्या नाहीत. ही करणी नाही."

"कशावरून?"

"दह्यावर साय बघ. दुसऱ्याचं वाटोळं करायला कोण साय घालतं? हे आईचं काम आहे. पोरासाठी."

मी थक्क. कॉलेजातले सगळे मास्तर एका पारड्यात आणि ही बाई दुसऱ्यात. असं कुणी शिकवलं असतं तर मी सोडून कशाला आलो असतो?

मग त्यांनी काडीने भात बाजूला केला. पत्रावळीच्या जागी कागद होता. माझे पाचही फोटो वरून काढलेले. खाली बघायची अक्कल कुणाला?

"अप्लाइड मेकॅनिक्स," मॅडमनी वाचलं. "असाइनमेंट पहिली. शेरा, अपूर्ण." मग माझा अर्ज काढून शेजारी धरला. "अर्जदाराचं आणि ह्याच्यावरचं नाव एकच कसं रे?"

तेवढ्यात आई बादली शोधत खाली आली.

शनिवारी मी मोबाइलमध्ये असताना ती माझ्या डोक्यावरून काहीतरी फिरवायची खरं. मला वाटायचं, डास मारतेय.

"मीच ठेवते," आई म्हणाली. पोलीस बघून जराही चपापली नाही. "कॉलेज सोडल्यापासून हा बारा वाजता उठतो, मॅडम. नजर लागलीय." मग सगळ्यांवरून एक नजर फिरवली. "यातल्याच कुणाची तरी."

रोज मला शिकवणारे सगळे चपला बघायला लागले. माझी आई एवढी भारी आहे, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"रस्त्यावर नका ठेवू काकू, कुत्री पसरवतात," मॅडम म्हणाल्या. "बरं, गुण आला?"

आईने मॅडमच्या हातातल्या अर्जाकडे बोट दाखवलं. "न यायला काय झालं? आज सातला उठला. अंघोळ केली. आपल्या पायांनी चौकीत गेला आणि दीड पान लिहून आला. परीक्षेत एवढं लिहिलं नव्हतं मेल्याने."

अंधश्रद्धेविरुद्ध माझ्याकडे सतरा मुद्दे होते. पण खोटं कुठे बोलत होती ती?

परांजपेकाका गर्दीतून पुढे सरकले. हळूच म्हणाले, "वहिनी, साय म्हशीचीच लागते का? आमचा नातू दहावीला आहे."

मॅडमनी मला कोरा कागद दिला. "तक्रार मागे घेतो म्हणून लिही. आणि हे तरी पूर्ण कर."

केलं. कॉलेज सोडल्यापासून सुरू करून संपवलेलं माझं हे पहिलं काम, स्वतःच्या आईविरुद्धची तक्रार.

त्याची झेरॉक्स आईने देवाजवळ ठेवलीय. लोक मार्कशीट ठेवतात, तिथे.