दादाने न विकलेले गेम

दादाने तुमचे गेम विकलेले नाहीत.

सगळे आमच्याकडे आहेत. मागच्या खोलीत, उशीच्या अभ्र्यांत गुंडाळून ठेवलेले.

आज लिहितेय, कारण दहावीचा शेवटचा पेपर आज दुपारी संपला. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरलेलं होतं.

मी मंदारची धाकटी बहीण. मंदार म्हणजे रत्नागिरीतून जुने व्हिडीओ गेम आणि कन्सोल ऑनलाइन विकणारा, "फुल्ल टेस्टेड, बिनधास्त घ्या" वाला. परीक्षा सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत तो गेला. हातखंब्याला बसमध्ये पार्सल द्यायला गेला होता, तिथेच छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही.

त्याचा धंदा तुम्हाला माहीत आहे. कोणाकडून जुना कन्सोल घ्यायचा, खाऱ्या हवेने हिरवे पडलेले आतले तांब्याचे पॉइंट घासायचे, मग स्वतः खेळून बघायचं. "टेस्टिंग चालू आहे गो," म्हणत दोन-दोन तास खेळायचा. जेवण गार व्हायचं आणि आई करवादायची.

पण एक सीझन वेगळा असायचा. बोर्डाचा.

परीक्षेच्या आधी आया यायच्या. बाजाराच्या पिशवीत कन्सोल, वर कोथिंबिरीची जुडी. मागून रडून डोळे सुजलेलं पोर.

"विकून टाक रे मंदार. बघायला नको मला हे घरात."

"विकतो हो काकू. आजच टाकतो पेजवर."

संध्याकाळी पेजवर फोटो. दुसऱ्या दिवशी त्यावर लाल अक्षरांत 'सोल्ड'.

आणि कन्सोल मागच्या खोलीत.

शेवटचा पेपर झाला की आईने यायचं आणि घेऊन जायचं. कोणी सुरू केलं माहीत नाही, पण आयांमध्ये हे बरोबर पसरलं होतं. ज्यांना परत मिळाला ती पोरंही पुढच्यांना सांगायची नाहीत. आपण रडलो, मग यांनीही रडावं, दुसरं काय!

मी त्याला म्हणायचे, "अरे, फसवणूक आहे ही. कपाटावर ठेवायला सांग ना."

"कपाटावर ठेवला की अर्धं मन कपाटावर. विकला म्हटलं की एक दिवस रडतात, मग बसतात अभ्यासाला."

यंदाची एक गंमत सांगते. एका मुलीचा कन्सोल आला. (तिला विचारूनच लिहितेय. नाव शर्वरी म्हणू, खरं नाही.) त्याच रात्री दादाला मेसेज. 'मी सांगलीहून सुधीर काका बोलतोय. कन्सोल मला हवा आहे. डावी स्टिक ढिली आहे, तरी चालेल.'

दादा हसून हसून लोळला. "सांगलीच्या काकांना फोटोत ढिली स्टिक दिसली बघ!"

त्याने उत्तर लिहिलं, 'सॉरी काका, विकला गेला.' मग फोन बाजूला ठेवला. म्हणाला, "परत देताना हिला मीच देणार. तोंड बघायचंय मला तिचं."

ते राहिलं.

तो गेला त्या दिवशी मी पेजवर बातमी टाकली. त्याच्याखाली हात जोडलेले, फुलं, 'विश्वास बसत नाही'. आणि मध्येच एक कमेंट : 'माझा गेम विकलास ना. बरं झालं.'

नाव बघितलं. शर्वरी.

मग अजून दोघा-तिघांनी सूर धरला. कोणी चोर म्हटलं, कोणी काय काय.

मी किती तापट आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. भावाची राख अजून गरम आणि त्याला हे ऐकवतायत? उत्तर टाइप केलं. सगळं लिहिलं. पाठवणार, इतक्यात शर्वरीच्या आईचा फोन आला. आधी धाय मोकलून रडल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, मी तिला ओरडते. पण आत्ता नका हो सांगू. उद्या गणित आहे. खरं कळलं तर मेली पेपरात रडत बसेल."

मी फोन आपटला. खरंच आपटला.

मग टाइप केलेलं पुसलं. आयांना दिलेला शब्द त्याचा होता, तो मोडणारी मी कोण.

तेव्हापासून आजपर्यंत त्या कमेंट तिथेच आहेत. लोक मला विचारत होते, काढत का नाहीस? काढल्या असत्या तर कारण सांगावं लागलं असतं. रोज वाचत होते आणि रोज रडत होते. माझा भाऊ चोर नव्हता, एवढं एक वाक्य लिहायची सोय नव्हती.

आज लिहिते. माझा भाऊ चोर नव्हता.

आता हे गुपित फुटलं. पुढच्या वर्षी कोणी फसणार नाही. नसू दे. त्याचं नाव मला जास्त मोलाचं आहे.

दुपारी शर्वरी आली. पेपरवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. आईने वाटेत रिक्षात सगळं सांगितलं होतं. मी अभ्रा काढून कन्सोल तिच्या हातात दिला. तिने धरला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं होतं, चांगली ऐकवीन हिला. पण एवढीशी पोर.

म्हणाली, "ताई, त्यांना सॉरी कुठे लिहू?"

जवळ घेतलं. दोघी रडलो. माझी आईही आतून आली.

मग म्हटलं, "मी रात्री लिहिणार आहे, त्याच्याखाली लिही."

बाकीच्यांनीही लिहा. जुनं काही खोडू नका, मीही खोडणार नाही. आणि कन्सोल न्यायला आईला घेऊन या. तो ज्यांना शब्द देऊन बसला होता, त्यांच्याच हातात देणार.

दादा, सगळ्यांचे पेपर झाले रे. तू दिलेला शब्द पाळला.

मंदारला आमच्या घरच्या सगळ्यांचा अखेरचा नमस्कार.