भावोजी आणि गाडीचा श्वास

स्वस्थ बसणं म्हणजे काय असतं, हे माझ्या मोठ्या भावोजींना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगायला गेलं तर ऐकायला ते जागेवर सापडणार नाहीत. कट्टा गावात त्यांचं किराणा दुकान. गिऱ्हाइकाची साखर तराजूत अर्धी टाकून हे बाहेर जातात आणि गाडीचं बॉनेट उघडून बघून येतात. वर्षभर डोक्यात एकच भुंगा: इंजिनाला हवा पुरत नाही. "नाकात कापूस घालून तू घाट चढशीत काय रे?" असं मला विचारतात, आणि उत्तर द्यायच्या आत पुन्हा बॉनेटपाशी!

बाजारातली पोरं हसतात. काकांना आता शर्यत लावायची आहे म्हणतात. मेल्यांना काय ठाऊक! माझ्या ताईला दमा आहे आणि तिचे डॉक्टर कोल्हापूरला. फोंडाघाटात एसी लावला की त्या जुन्या, छोट्या गाडीची ओढ संपते. बंद करून काचा खाली घ्याव्यात तर पुढच्या ट्रकचा धूर आत येतो आणि ताईचा खोकला थांबत नाही. एसी लावून घाट चढायचा, एवढंच भावोजींना हवंय.

त्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. हवा गाळायला कंपनीचा कागदी फिल्टर ठेवावा की धुऊन पुन्हा वापरायचा कापडी घ्यावा? की सगळा डबाच काढून उघडा फिल्टर लावावा? पण उघडा लावला तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढणार. गार हवेसाठी नळी बंपरखाली आणावी, तर पावसात रस्त्यावरचं पाणी आत जाणार. हा प्रश्न त्यांनी मला एका तेराव्याच्या पंगतीत, वाढपी खीर वाढत असताना विचारला. यजमानीणबाई डोळे पुसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी कापडी आला. आठवड्यात भावोजींनी तो धुतला आणि अंगणात सुकटीशेजारी वाळत घातला. त्याला खास तेल लावायचं असतं. ते मिळेपर्यंत कोण थांबतो! घरचं खोबरेल चोपडलं. कणकवलीला पोचेपर्यंत गाडी आचके देत बंद पडली आणि बॉनेट उघडल्यावर कुणीतरी वडे तळतंय असा वास सुटला. मेकॅनिक कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, ह्यां इंजिन आसा, डोक्यावरचे केस नाय!" त्याने खोबरेलाने माखलेला हवेचा सेन्सर पुसला, जुन्या मापाचा नवा कागदी फिल्टर बसवला आणि सांगितलं की ह्या गाडीत एवढीच ताकद आहे, बाकी सगळे मनाचे खेळ.

कोल्हापूरच्या पुढच्या खेपेला मी सोबत होतो. घाटात भावोजींनी हट्टाने एसी लावला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती, मागे ट्रक बोंबलत होते. भावोजींचे कान लाल झाले. "चढना नाय गो ही," ते ताईला म्हणाले. आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

"माका खंय घाई आसा?" ताई म्हणाली. "तुमी सावकाश चलवा."

घाटमाथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. ताईला झोप लागली होती, मान खिडकीकडे कलली होती. सबंध घाटात एकदाही खोकली नव्हती ती. भावोजी तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच, तिची झोप मोडणार नाही अशा बेताने, त्यांनी दोन बोटं तिच्या नाकाखाली धरली.

"श्वास बरो चल्लो आसा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. बोटं मात्र त्यांनी बराच वेळ काढली नाहीत.