फितुराचं घर

आमच्या दादाला जुन्या शहरात सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट नवीन माणूस भेटला की तो स्वतःच सांगतो, "भोंगा कुठंय विचारा, कोणीही दाखवेल." वेशीशी उभा राहून तो बोलायला लागला की मधल्या चौकातल्या माणसालाही कळतं, आज कुठला राजा मेला ते. आवाज आमच्या वडिलांचा, बोलणं मात्र त्याचं स्वतःचं. शाळेत गृहपाठ का केला नाही याची तो अशी कारणं द्यायचा की मास्तर छडी ठेवून त्याच्या पाठीवर हात फिरवायचे. पुढे विमा विकून झाला, पंखे विकून झाले, हॉटेलच्या काउंटरवर बसून झालं, कुठेच टिकला नाही. मग तटबंदीच्या आतलं जुनं शहर लोकांना पायी फिरवून दाखवायचं काम त्याला मिळालं आणि घरचे सगळे सुटलो. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. दादाने दगड खपवले.

माझं दुकान त्याच्याच वाटेवर आहे. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर घालणं, असली कामं मी करते. आत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि मी, एवढं मावलं की दुकान भरलं. गिऱ्हाईक दारातच उभं राहतं. त्यामुळे दादाचं व्याख्यान मला रोज कितीदा तरी फुकट ऐकायला मिळतं, आणि कानात बोटं घालावीत तर हातात सुई असते.

या गाइड लोकांचे दोन नियम आहेत. एक म्हणजे, "माहीत नाही" असं कधी म्हणायचं नाही. आणि दुसरा, गल्ली मोकळी सोडायची नाही. मोकळी गल्ली म्हणजे जिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही अशी गल्ली. तिथं गाइड गप्प झाला की लोक खिशातून फोन काढतात, आणि एकदा फोन बाहेर आला की पुढच्या घंटाघरापर्यंत कोणी मान वर करत नाही. दुर्दैवाने वेस आणि घंटाघर यांच्या मधली आमची गल्ली अगदी मोकळी होती. इथं कोणी थोर जन्मलं नाही, कोणी कोणाला मारलं नाही.

जुन्या लढाईत शत्रूने वेस फोडली नव्हती, ती आतून कोणीतरी उघडली होती, एवढं मात्र इतिहासात आहे. कोणी उघडली ते कोणालाच ठाऊक नाही. दादाने तो माणूस उचलला आणि माझ्या दुकानासमोरच्या घरात नेऊन बसवला. आधी एकच वाक्य होतं: "वेस उघडणारा फितूर पहारेकरी याच घरात राहत होता." लोक थांबले, फोटो काढले. मग त्या वाक्याला हातपाय फुटले. पहारेकऱ्याने वरच्या खिडकीत दिवा ठेवून खूण केली. त्याच्या बायकोने मरेपर्यंत त्याच्याशी अबोला धरला. गावातले लोक उंबऱ्यावर थुंकून पुढे जायचे. बाकीच्या गाइडनी ती गोष्ट उचलली, आणि थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीला नाव पडलं, फितुराची गल्ली.

त्या घरात मीटरवाले काका एकटे राहायचे. जन्मभर पाणी खात्यात मीटर वाचायचं काम केलेलं, म्हणून हे नाव. त्यांना गावातलं प्रत्येक घर आतून माहीत होतं, कोणाकडे कुत्रा चावतो, कोणाकडे चहा मिळतो, सगळं. निवृत्त झाल्यावर चौकातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचे. माझ्याकडे पॅन्ट कमरेत घट्ट करायला आणायचे आणि म्हणायचे, "कापड तेवढंच आहे गं, माणूस कमी होतोय." पुढे त्यांचं खाली उतरणं बंद झालं. वरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. विसरायला लागलेत, असं कोणीतरी म्हणालं. वय झालं की माणूस घरात बसतो, त्यात विचारण्यासारखं काय, असं मला वाटलं.

दादाला मात्र ते खिडकीत दिसले आणि त्याच्या जिभेला खाज सुटली. गोष्टीच्या शेवटी तो हात वर करून सांगू लागला, "आणि ते बघा, त्याचे वंशज! आजही तिथंच राहतात." सगळ्या माना वर व्हायच्या, कॅमेरे वर व्हायचे. दादा वर बघून हात हलवायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी बहीण म्हणून सांगते. मनात काहीच नव्हतं, हेच खरं दुखणं.

काका गेल्यावर खिडकी बंद झाली. दादाने शेवटचं वाक्य काढून टाकलं, गोष्ट चालू ठेवली.

मग एक दिवस एका बाईंनी फक्त स्वतःसाठी त्याची फेरी ठरवली. बरोबर कोणी नको, राजवाडा नको, घंटाघर नको. फितुराची गल्ली सावकाश बघायची आहे, एवढंच म्हणाल्या. दादा मला सकाळीच सांगून गेला, "अभ्यासक दिसतात. आज जरा रंगवून सांगतो."

बाई साध्या होत्या. पन्नाशीच्या, पायात चालण्याचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. दादाने समोरच्या दारापाशी उभं राहून सगळं सांगितलं. दिवा सांगितला, अबोला सांगितला, थुंकणं सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी बटणं लावत होते.

"त्याचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पुढे..." माहीत नाही म्हणायचं नाही ना. "पुढे त्याला गावाबाहेर काढलं. पण मुलंबाळं इथंच राहिली."

"मुलांना लोक कसे वागवायचे?"

"फार हाल केले हो. विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाहीत."

"आणि त्याने हे का केलं? म्हणजे, तसं कारण काय होतं?"

"पैसा," दादा म्हणाला. "दुसरं काय."

बाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "मी इथलीच आहे. लग्न होऊन लांब गेले. मीटरवाले म्हणायचे ते माझे वडील."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. दादाचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून आवाज येत नव्हता.

"आजोबा कामासाठी बाहेरून आले आणि हे घर घेतलं, असं मी लहानपणी ऐकलं होतं," त्या सांगत होत्या. "पण बाबा शेवटी शेवटी म्हणायला लागले, आपण मूळचे इथलेच, आपल्याच माणसाने वेस उघडली. मला वाटलं, घरच्यांनी आमच्यापासून लपवलं असेल. बाकावर जाऊन बसा म्हटलं तर म्हणायचे, कुठल्या तोंडाने जाऊ. डॉक्टर आले तरी हात जोडायचे. आमच्या माणसाने तुमचं फार वाईट केलं, माफ करा म्हणायचे. दूधवाल्याला म्हणायचे. मलासुद्धा म्हणायचे. म्हणून म्हटलं, ज्यांना माहीत आहे त्यांना एकदा नीट विचारावं. पैशासाठीच केलं का हो? दुसरं काहीच नव्हतं?"

आता तरी हा खरं बोलेल, असं मला वाटलं. दादाने खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "तसं... एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत नाही. त्याचा मुलगा शत्रूने पकडून ठेवला होता. मुलासाठी केलं त्याने."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी दादाचा हात हातात घेतला. "हे बाबांना कळलं असतं तर किती बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, आणि कुलूप काढून आत गेल्या. घर आवरून दुपारी निघणार होत्या.

दादा माझ्या दारात येऊन उभा राहिला. कपाळावर घाम होता.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला.

"ऐकलं. एवढं झाल्यावर आणखी एक मुलगा जन्माला घातलास."

"त्यांना बरं वाटलं, तू पाहिलंस. आता खरं सांगून काय करू? जखमेवर मीठच ना ते?"

"मीठ कोणाच्या जखमेवर, दादा? त्यांच्या की तुझ्या?"

मला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. त्याच्या पोटात माझ्याच आईचं दूध आहे. काका खिडकीत बसून रोज ऐकत होते, आणि खाली माझा भाऊ त्यांच्याकडे बोट दाखवून हात हलवत होता. काकांनीही एकदोनदा वरून हात हलवल्याचं मला आठवत होतं. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं. आता कळलं की ते हात हलवत नसतील, जोडत असतील.

"त्या गेल्या की संपलं," मी म्हटलं. "मग त्यांच्या मुलाबाळांच्या घरातही तुझा फितूर राहील. जातोस की मी जाऊ?"

तो गेला, आणि मीही मागे गेले, कारण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. बाई खालच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. दादा उंबऱ्याबाहेरच थांबला. आत या म्हणाल्या तरी गेला नाही.

"मी मघाशी खोटं बोललो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मलाही अनोळखी वाटला. "मुलगा नव्हता."

"म्हणजे पैशासाठीच?"

"पहारेकरीच नव्हता. लढाई झाली तेव्हा हे घरच नव्हतं. गल्लीत सांगायला काही नव्हतं, म्हणून मी ते रचलं. तुमचे आजोबा बाहेरून आले, तेच खरं."

बाईंनी हातातली घडी पूर्ण केली, बाकीच्या चादरींवर ठेवली, आणि तिच्यावरून हात फिरवला.

"मग बाबा माफी कशाची मागत होते?" त्यांनी विचारलं.

पाय धरावेत म्हणून दादा वाकायला गेला, तर त्या मागे सरल्या. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दारात कळलं. त्या रडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर सोपं झालं असतं.

"रस्त्यावर जा," त्या म्हणाल्या. "रोज उभे राहायचात तिथं."

त्या जिना चढून वर गेल्या. वरची खिडकी उघडली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि त्या काकांच्या जागी बसलेल्या दिसल्या.

"आता खरं सांगा," त्या वरून म्हणाल्या. "खोटं सांगायचात तसंच."

दादा काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही."

तेवढ्यात दुसरा गाइड आपला घोळका घेऊन गल्लीत शिरला. दादाने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि वेशीपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलला. "या घरात कोणी फितूर राहत नव्हता. मीटरवाले काका आणि त्यांचे वडील साधी, कष्टाची माणसं होती. त्यांच्या घरातल्या कोणी कधी कोणाचं वाईट केलं नाही. मी खोटं बोललो. रोज बोललो. लोकांनी फोन काढू नयेत म्हणून बोललो."

घोळका थांबला होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांना तो खेळातलाच भाग वाटला असावा. खोट्याच्या कपाळी गोटा असं आई म्हणायची. गोटा परवडला असता. दादा मान खाली घालून टाळ्या थांबायची वाट बघत उभा राहिला, मग माझ्या दुकानाकडे वळला.

"थांबा," बाई वरून म्हणाल्या. "पुन्हा सांगा. बाबांनी ते एकदाच ऐकलं नव्हतं."

दादाने बाहीने तोंड पुसलं, खिडकीखाली परत जाऊन उभा राहिला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.