दोन परक्या भाषा आणि मावशींचा हात

इंडोनेशियन मला कामापुरती येते. आमच्या शेठचा कांदा तिकडे जातो, आणि तिकडचे व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याच भाषेत लांबलचक बोलून निरोप पाठवतात. ऐकून ऐकून कानात बसली. मोठी सोशिक भाषा. 'माकान' म्हणजे खाणं. मी माकान, तू माकान, ती माकान, क्रियापद जागचं हलत नाही. खाऊन झालं असेल तर त्याच्या आधी 'सुदाह' लावायचं. पुष्कळ पुस्तकं म्हणायची तर 'बुकु-बुकु', शब्द दोनदा. राग एकाच गोष्टीचा येतो. आपल्या कांद्याला ते 'बावांग बॉम्बे' म्हणतात. पिकवायचा आमच्या इथल्या देवळ्यानं, सायखेड्यानं, आणि नाव मुंबईचं.

एवढ्या भांडवलावर मी इटालियन बोलायला निघालो.

झालं असं, शेठनं कांदा सोलायचं एक वापरलेलं मशीन इटलीहून आणलं. ते बसवायला तिकडचा मेकॅनिक येणार होता. शेठ म्हणाले, "तुला तीपण येत असेल ना रे?" नाही म्हणायला एक सेकंद लागला असता. मी म्हणालो, "दोन्ही सारख्याच हो शेठ. लिहिलं तसं वाचायचं, बस."

हे बरंचसं खरंही आहे. पण इथपर्यंतच. पुढचे आठ दिवस फोनवर गिरवताना कळलं की इंडोनेशियन जिथे हात सोडते तिथे इटालियन मानगूट धरते. मी खातो ते 'मांजो', तू खातोस ते 'मांजी', तो खातो ते 'मांजा'. सुरी पुल्लिंगी, कांदा स्त्रीलिंगी, हातसुद्धा स्त्रीलिंगी. म्हणजे आपल्या मराठीइतकीच छळवादी, फक्त आपली आपल्याला आईनं शिकवलेली.

मेकॅनिक आला. साठीचा, जाडजूड, बोलणं मिरचीच्या फोडणीसारखं तडतडतं. शेडमध्ये सगळे जमले. कांदा सोलायच्या कामाला सुरगाण्याकडून जीपनं आलेल्या आठ बाया, त्यांच्या पुढे त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या मावशी, आणि शेठ. मेकॅनिकनं भाषांतरासाठी खिशातून फोन काढला. शेठ माझ्याकडे अभिमानानं बघत होते. मी मेकॅनिकला "नो, नो" म्हणालो आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. त्यानं फोन परत खिशात घातला.

त्या थापेची आठवण आली की आजही अंगाला घाम सुटतो.

तो दहा मिनिटं बोलला. लाल बटण दाखवलं, एका गोल तबकडीतल्या काट्यावर बोट ठेवलं, मशीनच्या तोंडाशी हात नेला, बोट हलवलं. मला 'मशीन', 'हात' आणि 'पाणी' एवढे तीन शब्द लागले. शेवटी त्यानं विचारलं, "कपितो?" समजलं का? मी म्हणालो, "कपितो, कपितो." दोनदा म्हणायची माझी इंडोनेशियन खोड.

मग बायांकडे वळून मी सांगितलं, "मशीन जपून वापरा. लाल बटण दाबलं की बंद होतं. मग आत हात घालून सालं काढायची."

मावशी म्हणाल्या, "येवढा येळ बोलला त्यो, अन् सांगायचं येवढंच?"

"त्यांची भाषाच लांबण लावते, मावशी."

बाया हसल्या. शेठ मेकॅनिकला समोरच्या हॉटेलात जेवायला घेऊन गेले. मशीन सुरू झालं आणि मी बाजूच्या ऑफिसात चहाचा कप घेऊन टेकलो.

तिथे भीती आली. मेकॅनिकनं बोट हलवलं होतं ते हात घाला म्हणून, की घालू नका म्हणून? आणि काट्याचं काय? त्यानं एका तळहाताची कड दुसऱ्या मनगटावर मारली होती. मला ती त्याची बोलायची लकब वाटली होती. 'प्रेसिओने' हा शब्द तीन-चारदा आला होता. मी फोनवर टाकला. दाब. कसला दाब? कुठे?

तेवढ्यात मशीनचा आवाज थांबला.

कुणीतरी लाल बटण दाबलं होतं. चहा कुठे सांडला ते मला माहीत नाही. मी शेडच्या दारात पोचलो तेव्हा मावशींचा उजवा हात कोपरापर्यंत मशीनमध्ये होता आणि काटा अर्ध्यावर उभा होता.

ओरडलो तर त्या दचकतील, दचकून हात कशाला लागेल, म्हणून मी ओरडलो नाही. हळूच म्हणालो, "मावशी, हालू नका."

"काहून?"

"मला इटालियन येत नाही."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. मावशी म्हणाल्या, "मंग मघाशी काय सांगितलं?"

"मनाचं."

"हात काढू का ठेवू?"

हेही मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. काढताना काही लागलं तर? ठेवला आणि वरून काही पडलं तर? दोन बाया हॉटेलकडे पळत सुटल्या. मावशी डोळे मिटून उभ्या. आत कुठेतरी हवा फुसफुसत होती आणि मी त्यांच्या कोपराकडे बघत होतो. माझा स्वतःचा हात मी काखेत दाबून धरलाय, हे मला नंतर कळलं.

मेकॅनिक धावत आला. तोंडात घास तसाच. त्यानं मावशींचं मनगट धरलं आणि साप टोपलीतून काढावा तसा त्यांचा हात हळूहळू बाहेर काढला. मग मागचा एक खटका फिरवला. आतलं पातं खाडकन खाली आलं, मघाशी जिथे मावशींची बोटं होती तिथे.

त्यानं खिशातून फोन काढला, त्यात बोलला. फोनमधली बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "बटण दाबल्यावरही आत दाबाखालची हवा असते. काटा शून्यावर आल्याशिवाय हात घालू नका."

शेठ मागोमाग आले होते; त्यांनी सगळं ऐकलं.

बाया पोत्यांवर जाऊन बसल्या. त्या मशीनला आता कुणी हात लावणार नव्हतं. मावशींची नजर माझ्यावर स्थिर होती. "काटा शून्यावर आला का भ्या नाय ना? मंग तू घाल पयला."

"मी?"

"मग कोन? मघाशी आमाला घालाया लावला ना?"

मेकॅनिकनं मशीन पुन्हा चालवलं, पुन्हा थांबवलं. काटा शून्यावर टेकला. मी मेकॅनिकला फोनच्या भाषांतरातून तीनदा विचारलं आणि त्यानं तीनदा होकार दिला. मशीनचं तोंड काळं, ओलं, कांद्याच्या वासाचं. हात पुढे जाईना. आठ जणी बघत होत्या. मी श्वास धरून मनगटापर्यंत घातला. थंड लोखंड लागलं.

"अजून आत," मावशी म्हणाल्या. "कोपऱ्यातली सालं ऱ्हायली."